मानसोपचारातील नाते : ओळख, कसोटी आणि निरोप

दीर्घकाळ टिकणाऱ्या नात्यांचे मोल व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगावे लागत नाही. आजोबांच्या काळापासूनचा अडत्या, पेढीचे हिशेब पाहणारे चार्टर्ड अकाउंटंट, घरातल्या तीन पिढ्यांची प्रकृती जाणणारे फॅमिली डॉक्टर, ही नाती एका दिवसात जुळलेली नसतात. पहिला सौदा लहान असतो. तो सचोटीने पार पडला की दुसरा होतो. एखाद्या वर्षी कुरबुरही होते. ती मिटली की पत वाढते. हे सारे ठाऊक असलेल्या घरांतसुद्धा मनाच्या आजारासाठी कोणी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले की अपेक्षा एकदम बदलतात. "दोनदा जाऊन आलो, काही फरक नाही," असे म्हणून उपचार सोडले जातात. क्वचित याच्या उलट घडते आणि तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मुलाच्या शाळेचा निर्णयही होत नाही. दोन्ही टोकांचे मूळ एकच आहे. हे नाते पहिल्या दिवशी जसे असते तसेच शेवटपर्यंत राहते, असा समज त्यामागे असतो. वास्तविक ते टप्प्याटप्प्याने बदलावे लागते, आणि त्याचे बदलणे हा उपचाराचाच एक भाग आहे.

व्हिएन्नातील दोन घरे

बोलण्याने उपचार करण्याच्या आधुनिक पद्धतीचा आरंभ एका व्यापारी घरातच झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. व्हिएन्ना शहरात धान्याचा व्यापार करणाऱ्या एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबातील बर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची मुलगी १८८० मध्ये आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतःच आजारी पडली. हातपाय लुळे पडणे, दृष्टीचे विकार, मातृभाषा जर्मन विसरून केवळ इंग्रजीत बोलणे अशी तिची लक्षणे होती. डॉ. योसेफ ब्रॉयर त्या वर्षाच्या अखेरीपासून तिच्याकडे जाऊ लागले. दडपलेली आठवण सविस्तर सांगितली की लक्षण काही काळ ओसरते, असे दोघांच्याही ध्यानात आले. तिने या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' असे नाव दिले. थट्टेने ती त्याला 'धुराडे साफ करणे' असेही म्हणे.

जून १८८२ मध्ये ब्रॉयर यांनी उपचार थांबवले. १८९५ साली त्यांनी आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'अॅना ओ.' या टोपणनावाने तिची हकिकत आली. ती वाचून ती बरी झाली असे वाटते. पुढे संशोधकांना सापडलेल्या कागदपत्रांवरून मात्र असे दिसले, की उपचार संपल्यावर काही आठवड्यांतच तिला स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगेन येथील आरोग्यधामात दाखल करावे लागले होते. जवळपास रोज येणारा, तासन् तास ऐकणारा, कधी आपल्या हाताने भरवणारा डॉक्टर एके दिवशी येईनासा झाला. नाते कसे जोडावे हे त्या काळी कळू लागले होते. ते सोडवावे कसे, याचे शास्त्र अजून जन्मले नव्हते. बर्था पुढे सावरली. अनाथ मुली आणि संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी तिने आयुष्य वेचले, १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना उभारली आणि १९०७ मध्ये फ्रँकफुर्टजवळ आश्रयगृह काढले. १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

दुसरे घर एका कापड गिरणीमालकाचे. ऑक्टोबर १९०० मध्ये वडिलांनी आपल्या अठराव्या वर्षात असलेल्या मुलीला फ्रॉइडकडे आणले. फ्रॉइड यांनी लिखाणात तिला 'डोरा' म्हटले आहे. वडिलांच्या एका स्नेह्याने आपल्याशी गैरवर्तन केले, ही तिची तक्रार घरात कोणी खरी मानली नव्हती. वडिलांची अपेक्षा एवढीच होती, की डॉक्टरांनी मुलीला 'ताळ्यावर' आणावे. फ्रॉइड यांना तिची हकिकत खरी वाटली, तरी तिच्या मनात त्यांच्याविषयी काय साचत आहे हे त्यांनी वेळेवर ओळखले नाही. १९०० सालच्या शेवटच्या दिवशी तिने स्वतःहून उपचार बंद केले. ही चूक फ्रॉइड यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात कबूल केली. जवळच्या माणसांविषयीचा राग, भीती आणि ओढ रुग्ण नकळत उपचारकावर आरोपित करतो, याला त्यांनी 'ट्रान्सफरन्स' म्हणजे भावनांचे स्थानांतरण म्हटले. या साऱ्या विद्येचा पाया एका अर्थाने अशा अपुऱ्या राहिलेल्या उपचारांवर रचला गेला आहे.

तीन गोष्टींवर एकमत

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याची सुटसुटीत मांडणी केली. उपचारक आणि रुग्ण यांची कामातील भागीदारी तीन गोष्टींवर उभी असते, असे त्यांनी सांगितले. कोठे पोहोचायचे याबद्दल एकमत, त्यासाठी दोघांनी काय करायचे याबद्दल एकमत, आणि परस्परांविषयीचा विश्वास व जिव्हाळा. भागीदारी पेढीचा करारनामा पाहिलेल्या कोणालाही हे सहज उमजेल. उद्देश, प्रत्येकाचे काम आणि परस्परविश्वास यांपैकी एक जरी ढासळले, तरी पेढी चालत नाही.

या भागीदारीचे महत्त्व पुढे वारंवार तपासले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात २९५ अभ्यासांमधील ३० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती. उपचारपद्धती कोणतीही असो, भागीदारी जितकी चांगली तितका गुण अधिक, असा मध्यम पण सातत्याने आढळणारा संबंध तीत दिसला. म्हणजे नाते हेच सर्वस्व नव्हे, पण ते वगळून उरलेल्या गोष्टींचा पुरेसा उपयोग होत नाही.

आलोचनेचे शहाणपण

एका जाणत्या व्यक्तीसमोर बसून मनातले निःसंकोच सांगणे ही गोष्ट जैन परंपरेला नवी नाही. गुरूंसमोर केलेली आलोचना आणि मानसोपचार यांचे हेतू अर्थात भिन्न आहेत. आलोचना आत्मशुद्धीसाठी, दोषांच्या प्रायश्चित्तासाठी आणि निर्जरेसाठी असते. मानसोपचारात प्रायश्चित्त नसते आणि रुग्ण दोषी नसतो. परंतु सांगणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यातील अडचणी आपल्या आचार्यांनी फार सूक्ष्मपणे पाहिल्या होत्या.

स्थानांग सूत्राच्या आठव्या स्थानात आलोचना ऐकण्यास योग्य असलेल्या मुनींचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांत एक गुण 'अपव्रीडक' हा आहे. म्हणजे सांगणाऱ्याची लाज दूर करणारा. दुसरा 'अपरिस्रावी', म्हणजे ऐकलेले बाहेर पाझरू न देणारा. शिवार्यांच्या भगवती आराधनेतही हा अपरिस्रावी गुण आवर्जून सांगितला आहे. चिरा गेलेल्या घड्यात जसे पाणी राहत नाही, तसे कच्च्या माणसाजवळ रहस्य राहत नाही. आज ज्याला गोपनीयता म्हणतात, ती हीच.

आलोचनेच्या दहा दोषांचाही दोन्ही परंपरांमध्ये निर्देश आहे. गुरूंना आधी प्रसन्न करून घेऊन मग सांगणे हा 'आकंपित' दोष. इतरांनी पाहिले तेवढेच सांगणे हा 'दृष्ट' दोष. बारीकसारीक सांगून मोठे दडवणे हा 'सूक्ष्म' दोष. उघड न सांगता झाकून सांगणे हा 'छन्न' दोष. एकच गोष्ट अनेकांपुढे मांडत राहणे हा 'बहुजन' दोष, आणि अजाण माणसापुढे सांगणे हा 'अव्यक्त' दोष. मानसोपचाराच्या पहिल्या काही भेटींत रुग्ण नेमके कसे वागतो, याचे याहून अचूक वर्णन आधुनिक पुस्तकांतही क्वचित सापडेल. फरक एवढाच, की तेथे याला दोष म्हणत नाहीत. विश्वास अजून पिकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ घेतात.

पहिला टप्पा : ओळख

हे टप्पे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीच्या बाजारात हळदीची अडत पेढी असलेल्या घरातील पस्तिशीचा मुलगा. झोप उडाली आहे, छातीत धडधड होते, हृदयाच्या तपासण्यांत काही आढळलेले नाही. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले आहे. पहिल्या भेटीत तो झोपेविषयी बोलतो, बाजारातील मंदीविषयी बोलतो, घरात सर्व काही उत्तम असल्याचे सांगतो. आदबीने "सर" म्हणतो, सांगितलेले सर्व मान्य करतो. हा दृष्ट आणि सूक्ष्म यांचा काळ.

या टप्प्यात उपचारकाचे काम घाई न करण्याचे असते. नियम ठरवायचे असतात : भेट किती मिनिटांची, किती दिवसांनी, फी किती, न येता आल्यास काय. फ्रॉइड यांनी १९१३ मध्येच लिहून ठेवले आहे, की रुग्णाच्या नावे एक ठराविक तास राखलेला असतो आणि तो वापरला नाही तरी त्याचे मोल द्यावे लागते. गाळा भाड्याने घेतल्यावर तो उघडला नाही म्हणून भाडे माफ होत नाही, हे व्यापाऱ्याला समजावे लागत नाही. स्पष्ट व्यवहाराने या नात्याला बाधा येत नाही. उलट उपकाराचे ओझे न राहिल्याने रुग्णाला मोकळे बोलता येते.

दुसरा टप्पा : सल्ल्याची मागणी

चार-सहा भेटींनंतर खरी गोष्ट बाहेर येते. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पेढी नावावर केली आहे, पण तिजोरीची किल्ली आणि सौद्याचा शेवटचा शब्द अजून त्यांच्याकडेच आहे. धाकट्या भावाला वेगळे व्हायचे आहे. मुलगा आता थेट विचारतो, "सर, तुम्हीच सांगा, वेगळे व्हावे की एकत्र राहावे?"

येथे भारतीय रुग्णाची अपेक्षा पाश्चात्त्य पुस्तकांहून वेगळी असते. पंजाबी कवी आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात म्हटले होते, की भारतीय मनाला परिचित असलेले गुरु-शिष्याचे नाते उपचारासाठीही नमुना ठरू शकते. येथे रुग्णाला मार्गदर्शक हवा असतो आणि त्याच्यावर विसंबणे त्याला कमीपणाचे वाटत नाही. जाणता उपचारक ही अपेक्षा झिडकारत नाही. झोपेच्या वेळा, श्वासाचा सराव, चिंतेच्या विचारांची नोंद अशा बाबतींत तो स्पष्ट सूचना देतो. घराच्या वाटणीसारख्या निर्णयात मात्र तो उत्तर देत नाही, विचार करायला सोबत बसतो. अनेक कुटुंबांना नेमका येथेच भ्रमनिरास होतो : "एवढी फी घेतात आणि सांगत काहीच नाहीत." वस्तुतः या ठिकाणी करारातील दुसरे कलम, म्हणजे कोणी काय करायचे हे, नव्याने ठरत असते.

तिसरा टप्पा : कसोटी

पुढे एक दिवस असा येतो, की मुलगा बोलत असताना उपचारक मध्येच त्याला थांबवून काही सुचवतो. मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात निरोप धाडतो, "हळदीचा हंगाम आहे, सौदे चालू आहेत, जमणार नाही." त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. घरी तो म्हणतो, "आता बरे वाटते, गरज नाही."

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्यूरन या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञांनी नात्यातील अशा तड्यांचा विशेष अभ्यास केला. तडे दोन प्रकारचे असतात. एकात रुग्ण नाराजी उघड बोलून दाखवतो. दुसऱ्यात तो वरवर होकार देत आतून दूर जातो. वडीलधाऱ्यांपुढे शब्द न काढण्याचे संस्कार असलेल्या आपल्या घरांत दुसरा प्रकार अधिक संभवतो, आणि तो ओळखणे अवघड असते.

समजा तो मुलगा परत येतो. उपचारक विचारतो, "मागच्या वेळी माझे काही खटकले का?" बरीच टाळाटाळ झाल्यावर तो म्हणतो, "तुम्हीही आमच्या अण्णांसारखेच. वाक्य पुरे होऊ देत नाही." हे ऐकून उपचारक रागावत नाही, सारवासारवही करत नाही. "खरे आहे, मी तुम्हाला मध्येच तोडले," एवढे तो मान्य करतो, आणि मग दोघे मिळून पाहतात की असे तोडले गेल्यावर मुलगा दर वेळी गप्प होऊन निघून का जातो. पेढीवर तो हेच करतो, घरात हेच करतो, आणि रात्री ते न बोललेले शब्द त्याची झोप मोडतात. अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाला नाराजी सांगूनही नाते तुटत नाही, हा अनुभव त्याला आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच येतो. यानंतर अण्णांजवळ शांतपणे "माझे पुरते ऐकून घ्या" असे म्हणण्याचे बळ येऊ शकते. डोराच्या बाबतीत जे राहून गेले, ते येथे साधते.

म्हणून मधल्या काळातील बेबनाव हे उपचार फसल्याचे लक्षण मानू नये. अशा वेळी तज्ज्ञ बदलण्यापूर्वी निदान एकदा, जे खटकले ते त्याच तज्ज्ञाला सांगून पाहावे. न सांगता सोडून दुसरीकडे आणि तेथून तिसरीकडे जाणे हा बहुजन दोषाचाच नवा अवतार आहे.

चौथा टप्पा : निरोप

हळूहळू भेटीचे स्वरूप पालटते. मुलगा आता प्रश्न घेऊन येण्याऐवजी घेतलेला निर्णय घेऊन येतो. उपचारक कमी बोलतो. आठवड्याची भेट पंधरवड्यावर, मग महिन्यावर जाते. एखाद्या प्रसंगी तो सांगतो, की उपचारक काय म्हणाले असते याचा विचार केला आणि वाट सापडली. बाहेरचा आवाज आता त्याचा स्वतःचा झालेला असतो.

हा शेवट आधीपासून बोलून ठरवावा लागतो. तो कधी आणि कसा करावा हा प्रश्न सोपा नाही; वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, १९३७ साली, फ्रॉइड यांनी एक स्वतंत्र निबंध याच विषयाला दिला होता. निरोपाच्या काळात जुनी लक्षणे थोडी उसळतात, तेही स्वाभाविक असते. सर्वांचाच उपचार असा पूर्ण थांबतो असेही नाही. तीव्र स्वरूपाच्या काही आजारांत औषधे आणि अधूनमधूनच्या भेटी वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात. तेथे नाते संपत नाही, सैल आणि समंजस होते. औषधे मात्र कोणत्याही टप्प्यावर डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

कुटुंबाने काय करावे

एकत्र कुटुंबात उपचाराचा खर्च बहुधा थोरल्यांच्या हातून होतो, त्यामुळे "सून तिथे काय बोलते?" असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्यांना वाटते. पैसे कोणी दिले यावरून येथे मालकी ठरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला किंवा इतरांना धोका असणे यांसारखे मोजके अपवाद कायद्यातच आहेत. कुटुंबाला बाजूला सारावे असा याचा अर्थ नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना तंबूंत राहण्यास बोलावून उपचारांत सामील करून घेतले होते, आणि तो भारतातील आदर्श प्रयोग मानला जातो. कुटुंब रुग्णाच्या संमतीने आणि त्याच्यासमोर सामील व्हावे, मागच्या दाराने नव्हे.

तज्ज्ञ निवडताना अव्यक्त दोष टाळावा. औषधे देणारे मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारण्यात संकोच नसावा. एकदा नाते जुळल्यावर त्यात दुसरा व्यवहार मिसळू नये. उपचारकाला पेढीत ठेव ठेवण्यास सांगणे, उसनवार करणे, त्याच्या स्थळांच्या ओळखीचा लाभ घेणे, याने मोकळेपणा संपतो. जो उपचारक स्वतःच असे व्यवहार सुचवतो, रुग्णाचे बोलणे इतरांना सांगतो, शारीरिक जवळीक साधू पाहतो किंवा हमखास गुण येण्याची हमी देतो, त्याच्याकडे मात्र दुरुस्तीची वाट पाहत थांबू नये; तत्काळ बाहेर पडावे.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही विम्याची तरतूद करावयाची आहे. आपल्या पॉलिसीतील अटी तपासून घ्याव्यात. कोठे जावे हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

स्थळे येणार नाहीत, बाजारात बोलबाला होईल, या भीतीने अनेक घरांत आजार दडवला जातो आणि उपचार गुपचूप, घाईने उरकले जातात. घाईत हे नाते पहिल्या टप्प्यापलीकडे जातच नाही, आणि पहिल्या टप्प्यावर कोणी सहसा बरे होत नाही. घरातील एखाद्याने उपचार सुरू केले असतील, तर त्याला पहिल्या महिन्यात "किती फरक पडला?" असे विचारण्याऐवजी भेटीच्या दिवशी पेढीवरून वेळेवर मोकळे करावे, एवढे जरी घरच्यांनी केले तरी पुष्कळ होईल.